पिवळ्या केबलपासून चोवीस पोर्टपर्यंत

स्मरणिकेसाठी लिही असा निरोप आला, तेव्हा समितीने विषय मोकळा ठेवला होता. शाळेच्या आठवणी इतर जण माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील हे मला ठाऊक आहे, म्हणून मी माझ्या पोटापाण्याच्या जवळचा विषय घेते. त्याला कारणही आहे. आपल्या बॅचने शाळेच्या संगणक कक्षाचं वायरिंग नव्याने करून द्यायचं ठरवलं. खर्चाचा कागद ग्रुपवर आला, तेव्हा संगणकांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. वाद झाला तो 'स्विच' या एका ओळीवरून. "स्विच म्हणजे बटणच ना? ते एवढं महाग कसं?" इथपासून ते "आमच्या कॉलेजात एकाच वायरीवर दहा कॉम्प्युटर चालायचे, आता प्रत्येकाला वेगळी वायर कशाला?" इथपर्यंत. दुसरा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर पन्नास वर्षं मागे जावं लागतं, आणि ते ग्रुपवरच्या चार ओळींत बसत नाही.

शाळेसमोरच्या दुकानात आपण 'झेरॉक्स काढायला' जायचो. त्या झेरॉक्स कंपनीचं एक संशोधन केंद्र कॅलिफोर्नियात, पालो आल्टो इथे होतं. १९७३ साली तिथे 'आल्टो' नावाचा संगणक तयार झाला. प्रत्येकाच्या टेबलावर स्वतःचा संगणक ही कल्पनाच तेव्हा चैनीची होती. त्याच इमारतीत लेझर प्रिंटरवरही काम चाललं होतं. आता प्रश्न असा पडला, की टेबलांवरचे हे सगळे संगणक एका प्रिंटरला आणि एकमेकांना स्वस्तात कसे जोडायचे? हे काम बॉब मेटकाफ या तरुणाकडे आलं. त्याचा हार्वर्डमधला पीएचडीचा प्रबंध पहिल्या खेपेला नापास झाला होता, कारण परीक्षकांना त्यात पुरेसं गणित दिसलं नाही. (आपल्या गणिताच्या सरांना हे वाचून बरं वाटेल.) प्रबंधात गणित घालण्यासाठी त्याने अभ्यासायला घेतलं ते हवाई बेटांवरचं 'अलोहानेट'.

हवाई विद्यापीठाचे नॉर्मन अब्रामसन यांनी १९७१मध्ये बेटाबेटांवरची केंद्रं रेडिओने जोडली होती. सगळ्यांसाठी एकच लहरपट्टी. ज्याला बोलायचंय त्याने बोलावं. दोघे एकाच वेळी बोलले, तर दोघांचंही वाया जातं. मग दोघांनी आपापल्या मनाने थोडं थांबून पुन्हा पाठवावं. मेटकाफने हीच युक्ती हवेतून काढून तारेत घातली आणि तिला थोडी शिस्त लावली: बोलण्याआधी तार मोकळी आहे का ते ऐका, आणि बोलता बोलता टक्कर झालेली कळली तर लगेच गप्प व्हा. पहिल्या टकरीनंतर थोडंसं थांबायचं, पुन्हा टक्कर झाली तर थांबण्याची मर्यादा दुप्पट, तिसऱ्यांदा झाली तर चौपट. नेमकं किती थांबायचं ते प्रत्येकाने चिठ्ठी काढल्यासारखं ठरवायचं. सोळा वेळा जमलं नाही, तर नाद सोडायचा. बाई वर्गात नसताना आपण जसे बोलायचो, त्यापेक्षा हे खूपच सभ्य होतं.

२२ मे १९७३ रोजी मेटकाफने एक अंतर्गत टिपण लिहिलं आणि त्यात या जाळ्याला 'ईथर'चं नाव दिलं. प्रकाश ज्यातून प्रवास करतो असं एकोणिसाव्या शतकात मानलं जायचं, ते सर्वव्यापी ईथर. मायकल्सन आणि मोर्ली यांच्या १८८७च्या प्रयोगापासून ते नाही असंच दिसू लागलं होतं. नसलेल्या गोष्टीचं रिकामं पडलेलं नाव मेटकाफने एका तारेला दिलं. टिपणाचं प्रत्यक्ष यंत्र करण्यात त्याच्या जोडीला होता डेव्हिड बॉग्ज. हॅम रेडिओचा नाद असलेला, हातात सोल्डरिंगची गन शोभणारा माणूस. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जाळं चालू झालं. वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट. हा विचित्र आकडा कुणी ठरवून निवडला नव्हता. आल्टोच्या घड्याळाचा ठोका १७० नॅनोसेकंदांचा होता, एका बिटाला दोन ठोके लागत, त्यावरून तो आपोआप निघाला.

१९८०मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून ईथरनेटचा मसुदा सर्वांसाठी खुला केला, वेग वाढवून १० मेगाबिट केला, आणि १९८३मध्ये आयईईई संस्थेने त्याला ८०२.३ हा मानक क्रमांक दिला. आयबीएमची 'टोकन रिंग' ही स्पर्धक पद्धत बरीच नेटकी होती: रिंगणात एक टोकन फिरतं आणि ज्याच्या हातात टोकन त्यानेच बोलायचं. तरी ईथरनेटच टिकलं. माझ्या मते याचं कारण साधं आहे. ते स्वस्त होतं आणि कुणालाही बनवता येत होतं.

पण उपकरण 'जोडणं' म्हणजे तेव्हा काय होतं बघा. अंगठ्याएवढी जाड, बहुधा पिवळी कोॲक्सियल केबल भिंतीच्या कडेने किंवा छताखालून फिरवलेली असे. एका तुकड्याची कमाल लांबी ५०० मीटर. तिच्यावर दर अडीच मीटरला एक काळी खूण. संगणक जोडायचा तर त्या खुणेवरच केबलला भोक पाडायचं, आणि आतल्या तांब्याला टेकेल अशी सुई घालून वर पकड आवळायची. या पकडीला लोक 'व्हॅम्पायर टॅप' म्हणत, कारण ती मानेत दात रुतवल्यासारखी बसायची. सुई तिरकी गेली तर केबलच शॉर्ट, आणि सगळं ऑफिस बंद.

आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात याची पुढची पिढी होती. पातळ, काळी, टीव्हीच्या केबलसारखी दिसणारी. ग्रुपवरच्या प्रश्नातली 'एकच वायर' ती हीच. प्रत्येक संगणकाच्या मागे इंग्रजी टी आकाराचा जोड असायचा. एका बाजूने वायर आत, दुसऱ्या बाजूने शेजारच्या संगणकाकडे. माळेच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचं टर्मिनेटर, म्हणजे पितळी टोपणच म्हणा. ते नसेल, तर संदेश टोकावर आपटून परत येतो आणि स्वतःच्याच मागून येणाऱ्या संदेशांना धडकतो. एका माळेत १८५ मीटर आणि ३० उपकरणं ही मर्यादा. एवढं सगळं जमलं तर खरोखर स्वस्तात काम व्हायचं. पण कुणी खुर्ची मागे सरकवली आणि एक जोड निसटला, तर फक्त त्याचा संगणक बंद पडत नसे. सगळी माळ बंद.

आमच्या लॅबला एक अटेंडंट होते, त्यांना सगळे मामा म्हणत. त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक जादा टर्मिनेटर असे. लॅब बंद पडली की ते सरळ मधल्या संगणकापाशी जात, तिथे माळ तोडून टोपण लावत आणि विचारत, "अलीकडचं चालतंय का?" चालत असेल तर दोष पलीकडच्या अर्ध्या भागात. मग त्या अर्ध्याच्या मध्यावर. तीस संगणकांतला सैल जोड ते पाच खेपांत शोधत. 'बायनरी सर्च' हा प्रकार पुढच्या सत्रात आम्हाला अभ्यासक्रमात आला. तोवर वर्गातल्या निम्म्यांना तो मामांमुळे येत होता.

याच काळात देशात काय चाललं होतं तेही सांगते. १९८६मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात जुहूचं एनसीएसटी, पवईची आयआयटी आणि बाहेरच्या आणखी काही संस्था जोडल्या जात होत्या. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमकडून. तोही फोनच्या वायरीवरून.

आणि फोनच्या वायरीनेच ईथरनेटचं रूप पालटलं. प्रत्येक ऑफिसात, प्रत्येक टेबलापर्यंत फोनसाठी पीळ दिलेल्या तांब्याच्या जोड्या आधीच पोचलेल्या होत्या. हा पीळ अलेक्झांडर ग्रॅहम बेलचा, १८८१च्या पेटंटातला. दोन तारा एकमेकींभोवती गुंडाळल्या की बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो, आणि दोघींतला फरक मोजला की तो वजा होतो. नवी केबल टाकण्यापेक्षा ही वापरता आली तर? १९८०च्या दशकात अनेकांनी प्रयत्न केले आणि १९९०मध्ये 'टेन बेस टी' हे मानक आलं. माळ गेली, चांदणी आली: मध्ये एक हब, आणि त्यातून प्रत्येक संगणकाला स्वतःची वायर, जास्तीत जास्त १०० मीटर. एक वायर तुटली तर एकच संगणक जातो. प्रत्येकाला वेगळी वायर का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. मामांच्या खिशातलं टोपण इथे निकामी झालं.

आपल्यातल्या कुणी ती पारदर्शक प्लॅस्टिकची आठ दातांची क्लिप जवळून पाहिली असेल, तर रंगांचा क्रम विचित्र वाटला असेल. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, मग मध्येच निळा, पांढरा-निळा, आणि त्यानंतर हिरवा. हिरव्याची जोडी फोडून मध्ये निळी का घुसवली? कारण फोन मधल्या दोन दातांवर चालायचा. त्याची जागा त्याला राहू दिली, आणि ईथरनेटने पाठवायला १ व २, ऐकायला ३ व ६ हे दात घेतले. फोन केव्हाच वेगळा झाला, पण रंगांचा क्रम आजही तोच आहे.

हबमध्ये मात्र एक खोट होती. आतून ती जुनी एकच तारच होती, फक्त खोक्यात घडी घालून ठेवलेली. एका पोर्टवर आलेलं सगळ्या पोर्टांवर जायचं. टकरी तशाच, वेग सगळ्यांत वाटलेला, आणि शेजाऱ्याचा पासवर्डही ऐकता यायचा.

१९९०च्या सुमारास सिलिकॉन व्हॅलीतल्या एका छोट्या कंपनीने सात पोर्टांचा 'ईथरस्विच' बाजारात आणला. कंपनीचं नाव होतं कल्पना. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर हे तिचे संस्थापक, आणि नाव भारद्वाज यांच्या पत्नीचं. १९९४मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली आणि नाव हळूहळू पुसलं गेलं. नोकरीला लागल्यावर एका जुन्या माहितीपुस्तिकेत हे नाव मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा छपाईची चूक असेल असं वाटलं होतं.

स्विच करतो ते काम असं. जगातल्या प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा पत्ता असतो. पहिला अर्धा भाग आयईईईने बनवणाऱ्या कंपनीला दिलेला, उरलेला अर्धा कंपनीने स्वतः दिलेला. नव्या बदलीवर आलेल्या पोस्टमनची कल्पना करा. त्याला गावात कुणीच माहीत नाही. पण पत्र उचलताना तो पाठवणाऱ्याचं नाव वाचतो आणि वहीत लिहितो: अमुक माणूस चौथ्या गल्लीत राहतो. त्या माणसासाठी पुढे पत्र आलं, की थेट चौथ्या गल्लीत. नाव वहीत नसेल तर सगळ्या गल्ल्यांत हाक मारायची. उत्तर आलं की तेही वहीत. बहुतेक स्विचांमध्ये पाच मिनिटं कुणी गप्प राहिलं तर त्याची नोंद खोडली जाते, कारण माणसं घर बदलतात. आपण वायर एका पोर्टातून काढून दुसऱ्यात घातली आणि काहीही न सांगता सगळं चालू राहिलं, तर ते या वहीमुळे. कुणी काही 'सेटिंग' करावं लागत नाही.

पोर्टला एकच उपकरण असलं, आणि बोलायला व ऐकायला वेगळ्या जोड्या असल्या, की टक्कर होणारच कुणाशी? १९९७च्या मानकाने दोन्ही दिशांनी एकाच वेळी बोलायला परवानगी दिली. म्हणजे ज्या युक्तीवर ईथरनेट उभं राहिलं, ते ऐकणं, थांबणं, चिठ्ठी काढणं, ती युक्ती आज तुमच्या-आमच्या ऑफिसातल्या स्विचमध्ये जवळजवळ वापरातच नाही. १९९९च्या गिगाबिट मानकाने आठही तारा कामाला लावल्या. त्याच सुमारास उलटसुलट जोडण्या ओळखण्याची सोय पोर्टातच आली. त्याआधी संगणकाला संगणक जोडायचा तर 'क्रॉस केबल' लागायची आणि ती नेमकी ऐन वेळी सापडायची नाही.

आता शाळेकडे येते. मागच्या वर्षी आपल्या संगणक कक्षातलं नेटवर्क अचानक मेलं. स्विचचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते आणि एकही संगणक प्रिंटरपर्यंत पोचत नव्हता. व्हायरस आला असा समज झाला. कक्षाला कुलूप लागलं. संगणकाचा तास जवळजवळ पूर्ण सत्रभर फळ्यावर चालला: माऊसचं चित्र काढा, नावं द्या. दुरुस्तीवाल्याने येऊन सगळे संगणक पुसले, तरी फरक नाही. दिवाळीत मी गेले तेव्हा बाईंनी कुलूप काढून दाखवलं. एका वायरीची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये घातलेली होती. झाडलोट करताना लोंबणारं टोक कुणीतरी चांगल्या हेतूने 'जागेवर' लावलं असणार.

हे एवढ्याने का होतं? 'सगळ्यांना हाक मार' असा संदेश त्या वळणात शिरला, की एका टोकातून बाहेर पडतो, दुसऱ्या टोकातून आत येतो, पुन्हा सगळ्यांना जातो. ईथरनेटच्या संदेशाला वय नसतं. किती फेऱ्या झाल्या हे मोजणारा रकानाच त्यात नाही, त्यामुळे तो कधी मरत नाही. यावरचा उपाय १९८५मध्येच निघाला आहे. डिजिटल कंपनीत काम करणाऱ्या राडिया पर्लमन यांनी 'स्पॅनिंग ट्री' ही रीत शोधली. स्विच आपसांत छोटे निरोप पाठवतात. स्वतःचाच निरोप फिरून परत आला, किंवा एकाच ठिकाणी जायला दोन वाटा दिसल्या, की जादा वाट आपणच बंद करतात. जुनी वाट तुटली तर बंद केलेली उघडतात. पुढे याच विषयावर पर्लमन यांनी एक कविताही केली. कक्षातल्या स्वस्त स्विचमध्ये ही सोय नव्हती. खर्चाच्या कागदावरच्या त्या ओळीत आहे. ग्रुपवर विचारलेल्या 'एवढं महाग कसं' याला माझं उत्तर हे की, त्या फरकाच्या पैशांत मुलांचं एक सत्र वाचतं.

कागदावरची आणखी एक ओळ वादात आहे, ती ग्रंथालयाच्या इमारतीपर्यंतच्या फायबरची. मैदानाच्या कडेने वायरचा मार्ग मी टेप लावून मोजला. तो १३० मीटर भरतो. तांब्याची मर्यादा १०० मीटर, त्यातही भिंतीतली वायर ९० आणि दोन्ही टोकांच्या जोडवायरी मिळून १०. जास्त ओढली तर कदाचित चालेल, पण एखाद्या दमट दिवशी चालणार नाही. शिवाय दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं. पावसाळ्यात जवळपास वीज कडाडली, तर तांब्याच्या वायरीतून दोन्हीकडचे पोर्ट जळू शकतात. फायबर काचेची असते, तिच्यातून वीज वाहत नाही. ग्रंथालयात चार संगणक दोन वर्षांपासून प्लॅस्टिकच्या आवरणाखाली झाकून ठेवलेले आहेत, ते या १३० मीटरसाठी. मुलींच्या दुपारच्या सत्राला संगणक कक्ष मिळत नाही, ग्रंथालय मिळतं. म्हणून ही ओळ कापू नये असं मी समितीला कळवलं आहे.

इतिहासाचं थोडं राहिलं. संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार २०२२ सालासाठी मेटकाफ यांना मिळाला. डेव्हिड बॉग्ज त्याच २०२२मध्ये वारले. पहिली कार्डं हाताने जोडणाऱ्या माणसाचं नाव पाठ्यपुस्तकांत क्वचित दिसतं, याचं मला वाईट वाटतं.

मेळाव्याच्या आदल्या शनिवारी सकाळी नऊ वाजता कक्षात जोडणी करायची आहे. अठरा संगणक, बाईंच्या टेबलावरचा एक, एक प्रिंटर आणि इंटरनेटचा राउटर मिळून चोवीसपैकी एकवीस पोर्ट भरतील. फायबरची जागा स्विचवर वेगळी आहे. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लावायचा आहे आणि ते काम दहावीतल्या सहा मुलामुलींनी मागून घेतलं आहे. क्लिपा दाबायला आणखी चार हात लागतील. क्रिंपिंगचा पक्कड आणि टेस्टर मी आणते. ज्यांना लहान अक्षर दिसत नाही त्यांनी चष्मा आणावा, पांढरा-हिरवा आणि पांढरा-निळा यांतला फरक ट्यूबलाइटखाली नीट कळत नाही.